झॅबिक्सला ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडताना: लॉगिनची स्क्रीन शेवटी उघडा

"सर, सगळं बरोबर भरलंय, तरी लॉगिन होत नाहीये." हा फोन मला अंधेरीहून येतो, पवईहून येतो, ऐरोलीच्या डेटा सेंटरमधून तर रात्री-अपरात्री येतो. फोन करणाऱ्यानं झॅबिक्सची, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ऑथेंटिकेशनची स्क्रीन उघडलेली असते, एलडॅपच्या (डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेच्या) रकान्यांत जमेल ते भरलेलं असतं आणि टेस्टचं बटण दाबलं की लाल पट्टी येत असते. मग तो बेस डीएन (डिरेक्टरीत शोध जिथून सुरू होतो तो पत्ता) बदलतो, मग पोर्ट, मग परत बेस डीएन. तासाभरानं कशामुळे काय झालं हे त्यालाही सांगता येत नाही.

चूक बहुतेक वेळा त्या स्क्रीनवर नसतेच. ती फायरवॉलमध्ये असते, सर्टिफिकेटमध्ये असते, नाहीतर बाइंड अकाउंटमध्ये. स्क्रीन फक्त नकार कळवते, पाणी कुठे मुरतंय ते सांगत नाही. म्हणून या लेखात झॅबिक्सची स्क्रीन सातव्या टप्प्यात उघडते. आधीचे सहा टप्पे नीट झाले, तर सातव्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

इथे गृहीत धरलेली मांडणी अशी: झॅबिक्स ७.०, फ्रंटएंड लिनक्सवर, डिरेक्टरी विंडोजची, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ६.४ वरही क्रम हाच. तुम्ही अजून ६.० वर असाल, तर डिरेक्टरीतून आपोआप यूजर तयार होण्याची सोय तुमच्याकडे नाही. प्रत्येक यूजर झॅबिक्समध्ये हातानं तयार करावा लागेल, डिरेक्टरी फक्त पासवर्ड तपासेल. अशांनी आठवा टप्पा सोडून द्यावा.

## टप्पा १: आधी कागद

एक गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करा. डिरेक्टरीशी झॅबिक्स सर्व्हर बोलत नाही. बोलतं ते वेब फ्रंटएंड, म्हणजे ज्या मशीनवर पीएचपी चालतं ते मशीन. छोट्या ऑफिसात दोन्ही एकाच मशीनवर असतात, त्यामुळे फरक जाणवत नाही. मोठ्या ठिकाणी फ्रंटएंड वेगळं असतं. फायरवॉलचा फॉर्म भरताना लोक सवयीनं झॅबिक्स सर्व्हरचा आयपी लिहितात, चार दिवसांनी नियम मंजूर होतो आणि तो चुकीच्या मशीनसाठी असतो. मग पुन्हा फॉर्म, पुन्हा चार दिवस.

आता डिरेक्टरी सांभाळणाऱ्या टीमकडून पुढची माहिती लेखी घ्या. तोंडी नको.

डोमेन कंट्रोलरची, म्हणजे डिरेक्टरी चालवणाऱ्या विंडोज सर्व्हरची, पूर्ण नावं, किमान दोन. आयपी चालणार नाही, का ते चौथ्या टप्प्यात येईल. डोमेनचं मूळ कसं लिहायचं तेही विचारा. या लेखात उदाहरणासाठी 'डीसी=कंपनी,डीसी=लोकल' धरू.

यूजर कोणकोणत्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या फोल्डरसारख्या विभागांत) आहेत? इथे मुंबईची मंडळी हमखास चुकतात. समोर 'ओयू=मुंबई' दिसतं, तेच बेस डीएन म्हणून दिलं जातं आणि सगळं छान चालतं. महिन्याभरानं पुण्याची टीम रात्रपाळी घ्यायला येते आणि तिला लॉगिन मिळत नाही, कारण ते लोक 'ओयू=पुणे'मध्ये आहेत. ज्यांना ज्यांना झॅबिक्स लागणार आहे त्या सगळ्यांना कवेत घेणारा सामाईक वरचा स्तर निवडा.

लोक लॉगिनला काय टाइप करतील? साधारणपणे 'सॅम अकाउंट नेम' वापरतात, म्हणजे विंडोजला लॉगिन करताना टाकतो ते छोटं नाव. पण यूजरच्या या नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. आपल्याकडची नावं लांब. चंद्रशेखर डॉट कुलकर्णी हे इंग्रजीत लिहिलं तर २३ अक्षरं होतात, त्यामुळे डिरेक्टरीत ते शेवटून कापलेलं असतं. असा माणूस पूर्ण नाव टाइप करतो आणि पासवर्ड चुकतोय असं समजतो. लांब नावं असलेल्यांची यादी आधीच काढून त्यांना त्यांचं छोटं नाव कळवा. किंवा ईमेलसारखं दिसणारं 'यूजर प्रिन्सिपल नेम' वापरायचं हे आत्ताच ठरवा. मधेच बदललं तर एकाच माणसाची दोन खाती तयार होतात.

शेवटचं, किती चुकीच्या प्रयत्नांनंतर डोमेनमधलं खातं लॉक होतं हे विचारा. चाचण्या करताना हा आकडा डोळ्यासमोर हवा.

तपासा: कागदावर 'बहुतेक' किंवा 'असावं' असा शब्द कुठे आहे का? असेल तर पुढे जाऊ नका, तिथला फोन आधी करा.

## टप्पा २: बाइंड अकाउंट

लॉगिन करणाऱ्या माणसाला डिरेक्टरीत शोधण्यासाठी झॅबिक्सला स्वतःचं एक खातं लागतं. ते बाइंड अकाउंट. आधी त्या खात्यानं आत जायचं, माणसाचा पत्ता शोधायचा, मग त्या माणसाच्या पासवर्डनं दार उघडतंय का ते बघायचं, असा हा व्यवहार आहे.

हे खातं स्वतंत्र हवं. कुणाही माणसाचं नको, आणि डोमेन ॲडमिन तर नकोच नको. साध्या डोमेन यूजरला डिरेक्टरी वाचता येते, झॅबिक्सला तेवढंच पुरतं. त्या खात्यानं कुठल्या मशीनवर बसून लॉगिन करता येऊ नये, असं धोरण लावायला सांगा.

आता मुदत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ धोरणात पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवस असते. एका ऑफिसात मी हा आकडा चांगलाच अनुभवला. जूनच्या अखेरीस खातं तयार झालं, जोडणी झाली, सगळे खूश. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर पाऊस, सकाळच्या पाळीची माणसं कुर्ल्याच्या पुढे सरकेनात आणि एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळीचा मुलगा एकटा. त्याचं सेशन संपलं आणि पुन्हा लॉगिन होईना. त्यानं हेल्पडेस्कला सांगून स्वतःचा पासवर्ड दोनदा बदलून घेतला. मग मला फोन: "दादा, माझाच पासवर्ड चुकतोय का?" मी विचारलं, "दुसऱ्या कुणाचं लॉगिन होतंय का बघ रे." कुणाचंच होत नव्हतं. बाइंड अकाउंटचा बेचाळिसावा दिवस उलटला होता. सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडलं की आधी बाइंड अकाउंट बघायचं, हे तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

म्हणून या खात्याला लांब, यंत्रानं बनवलेला पासवर्ड द्या, तो आपोआप संपणार नाही असं ठेवा आणि तो कधी बदलायचा याची तारीख दोन्ही टीमच्या कॅलेंडरवर टाका. सुरक्षा टीमला न संपणारा पासवर्ड मान्य नसेल, तर मुदतीच्या आठवडाभर आधी बदलण्याचं काम ठरलेल्या माणसाच्या नावावर लिहा. 'टीम बघेल' असं लिहू नका.

सावधान: खात्याच्या नावात स्वल्पविराम असेल, उदाहरणार्थ 'आडनाव, नाव' अशी पद्धत असेल, तर पूर्ण डीएन (खात्याचा डिरेक्टरीतला पत्ता) लिहिताना त्या स्वल्पविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. बाइंड अकाउंटच्या नावात स्वल्पविराम आणि मोकळी जागा दोन्ही ठेवूच नका, विषयच मिटतो.

## टप्पा ३: रस्ता मोकळा आहे का

एलडॅपचा साधा पोर्ट ३८९, सुरुवातीपासून एनक्रिप्टेड असलेला ६३६. एकाच फॉरेस्टमध्ये (जोडलेल्या डोमेनच्या समूहात) अनेक डोमेन असतील आणि सगळ्यांत शोधायचं असेल, तर ग्लोबल कॅटलॉगचे ३२६८ आणि ३२६९. बहुतेकांना ६३६ पुरतो.

३८९ वर एनक्रिप्शनशिवाय काम करू नका. त्या रस्त्यानं बाइंड अकाउंटचा आणि प्रत्येक माणसाचा पासवर्ड जसाच्या तसा नेटवर्कवरून जातो. शिवाय मायक्रोसॉफ्टनं हे धोरण कडक करत आणलं आहे. विंडोज सर्व्हर २०२५ वर नव्यानं उभारलेल्या डोमेनमध्ये एलडॅप साइनिंग मुळातच सक्तीचं असतं, त्यामुळे उघडा बाइंड तिथे नाकारलाच जातो.

फ्रंटएंडच्या मशीनवर बसा आणि तिथूनच तपासा. तुमच्या लॅपटॉपवरून पोर्ट उघडा दिसला तर त्यानं काही सिद्ध होत नाही. प्रत्येक डोमेन कंट्रोलरचं नाव डीएनएसमध्ये सापडतंय का, ६३६ वर जोडणी होतेय का, हे एकेक करून बघा. डीआर साइट (मुख्य जागा बंद पडल्यावर वापरायची पर्यायी जागा) दुसऱ्या शहरात असेल तर तिथल्या फ्रंटएंडवरूनही बघा, आणि त्याला तिथलाच जवळचा डोमेन कंट्रोलर द्या. मुंबई बंद पडल्यावर डीआर चालू व्हायचं आणि लॉगिनसाठी मुंबईलाच विचारायचं, ही चूक मी दोन ठिकाणी ड्रिलच्या दिवशी उघडी पडलेली पाहिली आहे.

त्याच मशीनवर आणखी दोन गोष्टी बघायच्या. पीएचपीचं एलडॅप एक्स्टेंशन बसवलेलं आहे का? आणि रेड हॅट कुळातलं लिनक्स असेल तर एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा पहारा, वेब सर्व्हरला एलडॅपकडे जाऊ देतंय का? त्यासाठी 'एचटीटीपीडी कॅन कनेक्ट एलडॅप' नावाचं बूलियन आहे, ते कायमस्वरूपी चालू करा. एसईलिनक्स अख्खंच बंद करून मोकळं होणारे पुष्कळ असतात, कृपा करून तसं करू नका.

## टप्पा ४: सर्टिफिकेट

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे थांबून काम करा.

डोमेन कंट्रोलर ६३६ वर स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो. फ्रंटएंडला दोन गोष्टी पटाव्या लागतात. ते ओळखीच्या सीएनं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेनं) दिलेलं आहे आणि त्यावरचं नाव आपण हाक मारली त्याच नावाशी जुळतं. दुसऱ्या अटीमुळे आयपी देऊन चालत नाही. सर्टिफिकेटवर पूर्ण नाव असतं, आयपी सहसा नसतो. 'डॉट लोकल'सारख्या अंतर्गत नावांना बाहेरचे सार्वजनिक सीए सर्टिफिकेट देत नाहीत, त्यामुळे ते तुमच्या कंपनीच्याच सीएचं असणार आणि लिनक्सला तो सीए मुळात माहीत नसणार.

विंडोज टीमकडून मूळ सीएचं सर्टिफिकेट मागा. मधला सीए असेल तर त्याचंही. एक्स्पोर्ट करताना बेस-६४ चा पर्याय निवडायला सांगा. वर असलेला डीईआरचा पर्याय तसाच राहिला तर लिनक्सला ती फाइल लगेच वाचता येत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर ती फाइल स्थानिक सीए-सर्टिफिकेट्सच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि यादी ताजी करणारी कमांड चालवा. फाइलचं शेपूट 'सीआरटी' असायलाच हवं, 'पेम' किंवा 'सीईआर' असेल तर ती फाइल मुकाट्यानं वगळली जाते. एररही येत नाही. रेड हॅट कुळात अँकर्सचं फोल्डर वेगळं आणि कमांडही वेगळी, तत्त्व तेच.

मग ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटनं ६३६ ला जोडून बघा आणि खाली 'व्हेरिफाय रिटर्न कोड' शोधा. शून्य म्हणजे साखळी पटली. १० म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली. १९ म्हणजे साखळी मिळाली, पण मूळ सीएवर तुमच्या मशीनचा विश्वास नाही. २० किंवा २१ म्हणजे साखळीतला दुवाच सापडत नाही, बहुधा मधला सीए राहिला. पण ही कमांड आपणहून नाव जुळवून बघत नाही. ते तुम्हाला सर्टिफिकेटमधली नावं वाचून डोळ्यांनी बघायचं आहे किंवा नाव तपासण्याचा वेगळा पर्याय द्यायचा आहे.

सीए बसवल्यावर पीएचपी-एफपीएम किंवा अपाची रीस्टार्ट करा. आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुन्याच माहितीवर चालत राहते, आणि लोक 'सर्टिफिकेट टाकलं तरी चालत नाही' म्हणून भलतीकडे शोधत बसतात. फ्रंटएंड कंटेनरमध्ये असेल, तर होस्टवर टाकलेलं सर्टिफिकेट आत पोचत नाही. ते कंटेनरच्या आत माउंट करा.

सावधान: एलडॅपच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'टीएलएस रेक-सर्ट' या ओळीला 'ॲलाव' किंवा 'नेव्हर' असं देऊन तपासणी ढिली करता येते, आणि हा सल्ला पटकन मिळतो. दोष सर्टिफिकेटचाच आहे ना, हे पाहण्यासाठी पाच मिनिटं तसं करून बघा, काही हरकत नाही. पण काम चाललं म्हणून तसंच सोडून घरी जाऊ नका. त्या ओळीनंतर मधे कुणीही डोमेन कंट्रोलर म्हणून उभा राहिला तरी फ्रंटएंड त्याच्या हाती पासवर्ड देईल.

## टप्पा ५: कमांडनं दार वाजवा

आता झॅबिक्सशिवाय, त्याच मशीनवरून, एलडॅपसर्च चालवा. त्याला काय काय द्यायचं: लहान एक्स म्हणजे साधं बाइंड. कॅपिटल एच, पुढे 'एलडॅपएस' नं सुरू होणारा डोमेन कंट्रोलरचा पूर्ण पत्ता. कॅपिटल डी, पुढे बाइंड अकाउंट. कॅपिटल डब्ल्यू, म्हणजे पासवर्ड तो विचारून घेईल. लहान डब्ल्यू देऊन पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका, तो शेलच्या हिस्टरीत राहतो. लहान बी, पुढे बेस डीएन. शेवटी अवतरणात फिल्टर: सॅम अकाउंट नेम बरोबर तुमचं स्वतःचं नाव.

तुमची नोंद आली, तर तिच्यातली 'मेंबर ऑफ'ची प्रत्येक ओळ कॉपी करून कागदाला जोडा. आठव्या टप्प्यात लागणार आहे. नोंद आली नाही, तर काय आलं ते वाचा.

'कान्ट कॉन्टॅक्ट एलडॅप सर्व्हर' असं आलं की लोक लगेच नेटवर्क टीमला फोन लावतात. पण सर्टिफिकेट पटलं नाही तरी हाच संदेश येतो. तिसऱ्या टप्प्यात पोर्ट उघडा सापडला असेल, तर चौथ्या टप्प्यावर परत जा. 'नो सच ऑब्जेक्ट', कोड ३२, म्हणजे बेस डीएन चुकलं. 'स्ट्राँगर ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड', कोड ८, म्हणजे तुम्ही एनक्रिप्शनशिवाय गेलात. काहीच चुकलं नाही पण शून्य नोंदी आल्या, तर माणूस त्या ओयूखाली नाही किंवा फिल्टरमध्ये नाव चुकलंय.

सगळ्यात बोलका आहे कोड ४९, 'इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स'. त्याच्या मजकुरात 'डेटा' या शब्दापुढे एक छोटा आकडा असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी खरं कारण तिथे सांगते आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत:

- ५२५: असा यूजरच नाही
- ५२ई: पासवर्ड चुकला
- ५३०: या वेळेत लॉगिनची परवानगी नाही
- ५३२: पासवर्डची मुदत संपली
- ५३३: खातं बंद केलेलं आहे
- ७०१: खात्याचीच मुदत संपली
- ७७३: पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायचा राहिला आहे
- ७७५: खातं लॉक झालं आहे

नव्यानं बनवलेल्या बाइंड अकाउंटवर ७७३ फार वेळा येतो. खातं बनवताना 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला' ही खूण तशीच राहिलेली असते. ५३० आला तर खात्यावरची वेळेची मर्यादा बघायला सांगा. रात्रपाळीवाल्यांच्या खात्यांना कधीकधी दिवसाचीच वेळ दिलेली असते.

तपासा: ही कमांड प्रत्येक डोमेन कंट्रोलरच्या नावानं चालली पाहिजे. एकावर चालली म्हणजे झालं असं नाही, दुसऱ्याचं सर्टिफिकेट कधीच संपलेलं निघू शकतं. शेलमधून सगळं चालतंय आणि पुढे वेबवरून चालत नाही असं झालं, तर एसईलिनक्स आणि न केलेला रीस्टार्ट या दोनच जागा आधी बघा.

## टप्पा ६: मागचं दार उघडं ठेवा

डिरेक्टरी बंद पडली तेव्हाच मॉनिटरिंगची सगळ्यात जास्त गरज असते. त्या वेळी झॅबिक्सचं लॉगिन डिरेक्टरीवरच टांगलेलं असेल तर तुम्ही आंधळे झालात. हा टप्पा वगळून पुढे जाऊ नका, एवढी माझी विनंती आहे.

झॅबिक्समध्ये एक यूजर ग्रुप तयार करा, त्याचा 'फ्रंटएंड ॲक्सेस' 'इंटर्नल' ठेवा आणि त्यात एक सुपर ॲडमिन यूजर टाका. हा यूजर फक्त याच एका ग्रुपमध्ये असू द्या. दोन ग्रुपमध्ये ठेवला आणि दुसऱ्या ग्रुपचं धोरण वेगळं निघालं, तर ऐन वेळी फसगत होते. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट एनओसीच्या कपाटात, रात्रपाळीच्या हाताला लागेल असं ठेवा. बीकेसीच्या मुख्य ऑफिसातल्या तिजोरीत ठेवलेलं पाकीट पहाटे तीन वाजता महापेच्या माणसाच्या काय कामाचं?

दुसरं म्हणजे यंत्रांची खाती. ग्राफाना, तिकीट सिस्टिम, कुणीतरी लिहिलेल्या स्क्रिप्ट हे सगळे झॅबिक्सच्या एपीआयला (प्रोग्रॅमसाठीच्या दाराला) एखाद्या लोकल यूजरनं जोडलेले असतात. तो यूजर 'सिस्टिम डिफॉल्ट' असलेल्या ग्रुपमध्ये असेल, तर तुम्ही डिफॉल्ट एलडॅप करताच त्याचा पासवर्ड डिरेक्टरीला विचारला जातो. तिथे तो नसतोच, आणि डॅशबोर्ड कोरे पडतात. त्या यूजरनाही 'इंटर्नल' ग्रुपमध्ये हलवा, किंवा अधिक चांगलं म्हणजे त्यांना एपीआय टोकन द्या. ऑडिट लॉग उघडून गेल्या महिन्यात कोण कोण एपीआयनं आत आलं ते बघा. तुम्हाला माहीत नसलेली एकतरी स्क्रिप्ट सापडतेच.

## टप्पा ७: आता स्क्रीन

'यूजर्स' मेनूत 'ऑथेंटिकेशन', त्यात 'एलडॅप सेटिंग्ज'. एलडॅप चालू करून नवा सर्व्हर जोडा. पाचव्या टप्प्यात जे चाललं तेच इथे उतरवा, एक अक्षरही नवं नको.

'होस्ट'मध्ये 'एलडॅपएस' नं सुरू होणारं पूर्ण नाव, 'पोर्ट' ६३६. हा उपसर्ग विसरून नुसतं नाव टाकलं, तर पोर्ट ६३६ असूनही जोडणी साधीच सुरू होते आणि अडकते. 'बेस डीएन' कागदावरून. 'सर्च ॲट्रिब्यूट'मध्ये सॅम अकाउंट नेम, जसं डिरेक्टरीत लिहितात तसं. 'बाइंड डीएन' आणि त्याचा पासवर्ड. पासवर्ड कॉपी-पेस्ट करताना शेवटी एखादी मोकळी जागा आली नाही ना, ते बघा.

प्रगत भागात 'स्टार्ट टीएलएस'ची खूण आहे. ती ३८९ वर साधी सुरुवात करून मग एनक्रिप्ट होणाऱ्या जोडणीसाठी असते. होस्टमध्ये एलडॅपएस दिलं असेल तर ही खूण करू नका. दोन्ही दिलं म्हणजे दुप्पट सुरक्षा नव्हे, जोडणीच होत नाही.

'टेस्ट' दाबा, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाका. हिरवं आलं तर सेव्ह करा. लाल आलं तर इथले रकाने बदलत बसू नका, पाचव्या टप्प्यातली कमांड पुन्हा चालवून दोन्हींत फरक काय ते शोधा. आणि पहिल्या टप्प्यात लिहिलेला लॉकचा आकडा आठवा, तुमचं स्वतःचं खातं लॉक होईल इतक्या वेळा टेस्ट दाबू नका.

सावधान: या क्षणी 'डिफॉल्ट ऑथेंटिकेशन' अजून 'इंटर्नल'च आहे. ते तसंच राहू द्या.

## टप्पा ८: कुणाला काय दिसेल

डिरेक्टरीत झॅबिक्ससाठी खास तीन ग्रुप मागा, म्हणजे ॲडमिन, एनओसी आणि फक्त बघणारे. आधीच असलेले 'आयटी' वगैरे ग्रुप वापरू नका. ते दुसऱ्याच कामासाठी बनलेले असतात आणि त्यांत कोण कधी शिरतं हे तुमच्या हातात नसतं.

'जेआयटी प्रोव्हिजनिंग', म्हणजे डिरेक्टरीतून आपोआप यूजर तयार होण्याची सोय, चालू करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी ग्रुपची पद्धत 'मेंबर ऑफ', ग्रुपच्या नावासाठी 'सीएन', पहिल्या नावासाठी 'गिव्हन नेम', आडनावासाठी 'एसएन'. मग जुळवणी करा: डिरेक्टरीतला हा ग्रुप म्हणजे झॅबिक्समधला हा यूजर ग्रुप आणि हा रोल. पॅटर्नमध्ये ग्रुपचं फक्त नाव लिहायचं, पूर्ण डीएन नाही.

ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर काय होतं, हे इथे नीट समजून घ्या. 'मेंबर ऑफ'मध्ये माणूस थेट ज्या ग्रुपचा सदस्य आहे तेवढेच ग्रुप दिसतात. 'एनओसी-रात्र' हा ग्रुप 'झॅबिक्स-एनओसी'च्या आत टाकला असेल, तर रात्रपाळीच्या माणसाच्या नोंदीत फक्त 'एनओसी-रात्र' दिसेल आणि जुळवणी होणार नाही. 'डोमेन यूजर्स' हा मूळ ग्रुप तर 'मेंबर ऑफ'मध्ये येतच नाही. पाचव्या टप्प्यात कॉपी केलेल्या ओळी आत्ता काढा आणि तुमचे पॅटर्न त्यांच्याशी डोळ्यांनी जुळवा. उपाय सोपा आहे: माणसांना झॅबिक्सच्या ग्रुपमध्ये थेट टाका, नाहीतर आतल्या प्रत्येक ग्रुपसाठी वेगळी जुळवणी लिहा.

आता नेहमीची तक्रार: "लॉगिन झालं, पण एकही सर्व्हर दिसत नाही." रोल फक्त कुठल्या मेनूत जाता येईल ते ठरवतो. कुठले होस्ट दिसतील हे यूजर ग्रुपला दिलेल्या होस्ट ग्रुपच्या परवानग्यांवर असतं. सुपर ॲडमिनला सगळं दिसतं, आणि तुम्ही स्वतः सुपर ॲडमिन असल्यामुळे ही चूक तुमच्या स्क्रीनवर कधीच दिसत नाही.

मीडियाची जुळवणीही इथेच. मोबाइल नंबर डिरेक्टरीतून घेत असाल, तर तिथे कुणाचा अधिक ९१ नं, कुणाचा शून्यानं, कुणाचा मधे मोकळी जागा सोडून लिहिलेला असतो. एसएमएस गेटवेला एकच पद्धत लागते. एचआरकडून ते रकाने सुधारून घ्या, नाहीतर अलर्ट निघतील आणि पोचणार नाहीत.

शेवटी 'डीप्रोव्हिजन्ड यूजर्स ग्रुप'. बंद स्थितीतला एक ग्रुप बनवून तो इथे निवडा. नोकरी सोडून गेलेला माणूस आपोआप त्यात जातो. ही निवड केल्याशिवाय जेआयटी चालू होत नाही. डिरेक्टरीशी ताळमेळ घालण्याची मुदत मुळात एक तास असते, बहुतेकांना ती ठीक आहे.

तपासा: आधीपासून असलेल्या लोकल यूजरची लॉगिन नावं डिरेक्टरीतल्या नावांशी अक्षरशः जुळतात का? नाही जुळली तर नवं खातं तयार होईल आणि त्या माणसानं वर्षभर जपलेले डॅशबोर्ड जुन्या खात्यावर अडकून राहतील.

## टप्पा ९: डिफॉल्ट बदलणं

दिवस विचारपूर्वक निवडा. शुक्रवारची संध्याकाळ नको, महिनाअखेर नको, अनंत चतुर्दशीचा आदला दिवस तर नकोच, अर्धी टीम सुट्टीवर आणि उरलेली वाहतुकीत अडकलेली असते. डिरेक्टरीच्या टीमचा एक माणूस त्या वेळी फोनवर उपलब्ध आहे याची खात्री करा. डेटाबेसचा बॅकअप घ्या.

एका ब्राउझरमध्ये इंटर्नल सुपर ॲडमिननं लॉगिन करून ते सेशन उघडं ठेवा. मग 'डिफॉल्ट ऑथेंटिकेशन' एलडॅप करा. दुसऱ्या ब्राउझरच्या खासगी विंडोत पाच जणांकडून लॉगिन करून घ्या: ॲडमिन ग्रुपमधला एक, एनओसीचा एक, फक्त बघणाऱ्यांतला एक, कुठल्याच झॅबिक्स ग्रुपमध्ये नसलेला एक आणि डिरेक्टरीत खातं बंद केलेला एक. पहिले तीन आत जायला हवेत, शेवटचे दोन बाहेरच राहायला हवेत. लोक पहिल्या तिघांवर समाधान मानतात. जो आत येऊ नये तो खरंच अडतो का, हे बघायचं राहून जातं आणि वर्षअखेरीला ऑडिटरला ते सापडतं.

सगळंच फसलं आणि इंटर्नल यूजरनंही आत जाता येईना, तर ७.० मध्ये डेटाबेसमधल्या 'कॉन्फिग' टेबलात 'ऑथेंटिकेशन टाइप' हा रकाना शून्य केला की डिफॉल्ट पुन्हा इंटर्नल होतं. ही एक ओळ पाकिटातल्या कागदावर पासवर्डच्या खाली लिहून ठेवा.

## नंतरची देखभाल

डोमेन कंट्रोलरचा ६३६ पोर्ट आणि त्याच्या सर्टिफिकेटची मुदत, दोन्ही झॅबिक्सलाच बघायला लावा. एजंट २ मध्ये सर्टिफिकेट वाचण्याची सोय आहे. मुदत संपायच्या ३० दिवस आधी इशारा येऊ द्या, कारण अंतर्गत सीएकडून नवं सर्टिफिकेट मिळायलाही ऑफिसात वेळ लागतो.

ऑडिट लॉग किती दिवस राहतो ते हाउसकीपिंगमध्ये बघा. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. कोण कधी आत आलं याची नोंद त्याआधीच पुसली जात असेल, तर ती बाहेर दुसरीकडे साठवा.

आणि ते पाकीट. दर तीन महिन्यांनी रात्रपाळीच्या माणसाकडूनच ते उघडून घ्या. त्याला त्या पासवर्डनं प्रत्यक्ष लॉगिन करू द्या, मग नवा पासवर्ड लावा, नव्या कागदावर लिहा, पाकीट चिकटवा आणि वर तारीख टाका.